ओट्यावरची सावली

संध्याकाळची वेळ आहे. ठेंगण्या छताच्या एका स्वयंपाकघरात आपण डोकावून पाहू. वर पोटमाळा असल्यामुळे छत हाताला लागेल इतके खाली आले आहे. छताच्या मधोमध एक दिवा लख्ख जळतो आहे. तरीही ओट्याशी उभी असलेली गृहिणी भाजी चिरताना सारखी बाजूला सरकते, मान तिरपी करते, मिरचीचे डेख काढताना हात उंच धरून पाहते. कारण चिरायची भाजी, सुरी आणि बोटे ही सगळी तिच्याच सावलीत आहेत.

घरातल्यांचा उपाय ठरलेला असतो: 'मोठा बल्ब लावू या.' मोठा बल्ब येतो. भिंती उजळतात, डबे चमकतात, पण ओट्यावरची सावली जागची हलत नाही. असे का होते? याचे उत्तर शाळेतल्या भूमितीतच आहे. वही-पेन्सिल घेऊन बसू या.

समजा, स्वयंपाकघर २१० सेंमी रुंद आहे आणि छताची उंचीही २१० सेंमी, म्हणजे सुमारे सात फूट आहे. एका भिंतीला लागून ६० सेंमी रुंदीचा ओटा आहे. त्याची उंची ८० सेंमी. काम करणाऱ्या व्यक्तीची उंची १५० सेंमी धरू. काम करताना आपण थोडे पुढे झुकतो, त्यामुळे डोके ओट्याच्या काठावर येते. दिवा खोलीच्या मधोमध, म्हणजे ओट्याच्या काठापासून ४५ सेंमी मागे आहे.

आता दिव्यापासून निघून डोक्याच्या माथ्याला स्पर्श करून ओट्यावर पोचणारा किरण काढा. दिव्यापासून माथ्यापर्यंत तो ६० सेंमी खाली येतो आणि ४५ सेंमी पुढे सरकतो. माथ्यापासून ओट्यापर्यंत त्याला आणखी ७० सेंमी खाली यायचे आहे. मग तो किती पुढे सरकेल? दोन्ही काटकोन त्रिकोण समरूप आहेत. म्हणून उत्तर ४५ × ७० ÷ ६०, म्हणजे सुमारे ५२ सेंमी. ओटाच मुळी ६० सेंमी रुंद! म्हणजे कामाची जवळजवळ सगळी जागा सावलीत गेली. उजेड उरला तो भिंतीलगतच्या चार बोटांच्या पट्टीत, जिथे कोणी काही चिरत नाही.

हेच गणित ३०० सेंमी उंचीच्या छतासाठी करून पहा. दिवा आता माथ्यापासून १५० सेंमी वर आहे. सावलीची लांबी ४५ × ७० ÷ १५०, म्हणजे २१ सेंमी. ओट्याचा दोन-तृतीयांश भाग उजेडात राहिला. दिवा तोच, माणूस तोच, ओटाही तोच. फक्त छत खाली आले आणि सावली अडीचपट झाली. दुपारच्या सूर्याने सावली आखूड पडते आणि संध्याकाळच्या सूर्याने लांब पडते, हे आपण मुलांना शिकवतोच. ठेंगण्या छताचा दिवा हा संध्याकाळच्या सूर्यासारखा आहे. तो होल्डरच्या वायरवर आणखी १५ सेंमी खाली सोडला, तर सावली ७० सेंमी होते आणि सगळा ओटा झाकून टाकते.

या सबंध हिशेबात बल्ब किती वॅटचा आहे हे कुठेच आले नाही, इकडे लक्ष द्या. सावली कुठवर पडणार हे दिव्याची जागा ठरवते, त्याची ताकद नव्हे. मोठ्या बल्बमुळे भिंतींवरून परतणारा उजेड वाढतो आणि सावलीतही थोडा अधिक पोचतो; पण सावली आणि भोवतालचा उजेड यांचे प्रमाण तेच राहते. त्यात छत ठेंगणे असल्याने उघडा बल्ब डोळ्यांजवळ येतो, आणि नुसते वर पाहिले तरी डोळे दिपतात.

मग करायचे काय? पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे. तोच दिवा ६० सेंमी पुढे सरकवायचा. आता तो ओट्याच्या काठाच्या १५ सेंमी पुढे, ओट्याच्या वर आला. किरण समोरून येऊ लागले आणि डोक्याची सावली पाठीमागे जमिनीवर गेली. दिव्याऐवजी ट्यूबलाइट असेल तर ती ओट्याला समांतर बसवावी. बल्ब हा जवळजवळ बिंदूसारखा असतो, त्यामुळे त्याची प्रच्छाया गडद पडते. चार फुटी नळी हा विस्तारित स्रोत आहे. हात किंवा डोके नळीचा एक भाग झाकते, उरलेल्या भागाचा उजेड दोन्ही बाजूंनी येतच राहतो. सावली पडते, पण फिकट आणि मऊ कडांची.

दुसरा उपाय म्हणजे दिवा कामाच्या जवळ नेणे. बिंदूसारख्या स्रोताचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. केप्लरने हा नियम १६०४ मध्ये मांडला होता. छतावरचा दिवा ओट्यापासून १३० सेंमी वर आहे. भिंतीवरच्या फळीखाली ६५ सेंमी उंचीवर तसाच दिवा लावला तर अंतर निम्मे होते आणि त्याच्या बरोबर खालच्या जागी उजेड चौपट होतो. लांब पट्टीचा दिवा असेल तर इतक्या जवळून वाढ चौपट होत नाही, दुपटीच्या आसपास राहते; तरीही कमी वॅटची एलईडी पट्टी पुरते. मात्र ती जवळजवळ डोळ्यांच्या उंचीवर येते. म्हणून फळीच्या पुढच्या कडेला चार-पाच सेंमीची लाकडी पट्टी ठोकावी. दिवा झाकला जातो, उजेड फक्त खाली पडतो. काळ्या कडप्प्याच्या किंवा गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यात दिव्याचे प्रतिबिंब आरशासारखे दिसते. दिव्यावर दुधी आवरण असले की तो त्रास बराच कमी होतो.

तिसरा उपाय आहे चुन्याचा. स्वच्छ पांढरे छत त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवते. धुराने आणि फोडणीच्या वाफांनी काळवंडलेले छत त्यातला बराचसा गिळून टाकते. पांढरे छत हाच एक भलामोठा विस्तारित दिवा असतो, आणि ठेंगण्या घरात तो आपल्या अगदी जवळ असतो. छत बुटके असण्याचा हा एक फायदा. तो घेता आला पाहिजे. हात सहज पोचत असल्याने वर्षातून एकदा पांढरा हात फिरवणेही सोपे.

दिवा विकत घेताना वॅट पाहण्याची सवय आता सोडायला हवी. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे माप ल्युमेन. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देई. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढाच किंवा थोडा जास्त उजेड देतो. निळी एलईडी तयार झाली म्हणून पांढरी शक्य झाली, आणि त्या शोधासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. एलईडीला उष्णता मात्र मानवत नाही. गरम हवा वर चढते आणि ठेंगण्या छताखाली साठते. म्हणून दिवा शेगडीच्या बरोबर वर किंवा बंद लाकडी खोक्यात बसवू नये. वाफ आणि पाणी यांपासून वायर दूर ठेवावी आणि जोडणीचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

वर्गात करून पहा

बुटांच्या खोक्याचे स्वयंपाकघर करा. आगपेटीचा ओटा, खडूचा माणूस, आणि छताला भोक पाडून त्यातून लहानसा एलईडी दिवा. खोक्याला दोन-तीन उंचींवर छत बसवून सावली मोजा आणि गणिताने आलेल्या उत्तराशी ताडून पहा.

दुसरा प्रयोग तेलाच्या ठिपक्याचा. बुन्सेनने एकोणिसाव्या शतकात वापरलेली ही युक्ती आहे. पांढऱ्या कागदाच्या मध्यावर तेलाचा एक थेंब टाकून पुसून घ्या. अंधाऱ्या खोलीत दोन दिव्यांच्या मध्ये कागद उभा धरा. आपल्या बाजूला उजेड जास्त असेल तर ठिपका काळपट दिसतो, पलीकडे जास्त असेल तर उजळ दिसतो. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की ठिपका जवळजवळ नाहीसा होतो. त्या क्षणी अंतरे मोजा. एक दिवा ४० सेंमीवर आणि दुसरा ८० सेंमीवर असेल, तर दुसरा चौपट प्रखर आहे. दिव्यांची तुलना करायला महागडे उपकरण लागत नाही.

मुलांना एक गृहपाठही द्या. आपल्या घरी ओट्याची उंची, छताची उंची, दिव्याची जागा आणि ओट्याशी सर्वांत जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या व्यक्तीची उंची मोजून आणायची. सावली ओट्यावर कुठवर येते हे आधी गणिताने काढायचे, मग प्रत्यक्ष पाहायचे. ही मोजमापे घेताना मुलांना आणखी एक गोष्ट कळेल: घरातला सर्वांत चांगला दिवा बहुधा बाहेरच्या खोलीत असतो, आणि सुरी, उकळते तेल व विस्तव ज्या खोलीत असतात तिथे उरलासुरला.

वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होते, बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोचतो. आजी तांदूळ निवडायला ताट घेऊन दारात जाऊन बसते ते उगीच नाही. तिला दिव्याची योग्य जागा कधीच कळलेली असते. तिला दिवा हलवता येत नाही, म्हणून ती स्वतः हलते. पुढच्या वेळी दिवा आपण हलवू या.