अर्धवट जळालेला पिवळा कागद

डेनिस लेहेन यांची ‘स्मोक’ ही मालिका २०२५मध्ये ॲपल टीव्हीवर आली. जाळपोळीच्या तपासात मुरलेला अधिकारी, त्याच्या जोडीला दिलेली पोलीस डिटेक्टिव्ह आणि शहरात लागोपाठ लागणाऱ्या आगी. मालिका पाहिलेले हमखास म्हणतात, ‘तपास करणाराच आग लावतो? असलं फक्त पडद्यावर होतं.’ (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी माफ करावं, पण मालिका स्वतःच हे गुपित फार काळ दडवत नाही.)

कॅलिफोर्नियात हे खरोखर घडलं. जॉन ऑर हा ग्लेनडेलच्या अग्निशमन दलातला कॅप्टन, आगींच्या तपासातलं नावाजलेलं नाव. ऑक्टोबर १९८४मध्ये साउथ पॅसाडिनातल्या एका मोठ्या दुकानाला आग लागली आणि चौघांचा जीव गेला. त्यांत दोन वर्षांचा एक मुलगा होता आणि त्याची आजी. आग तेव्हा अपघाती ठरली. त्या चार खुनांसाठी ऑर दोषी ठरला, तो १९९८मध्ये.

आगीत पुरावा उरतच नाही, हाही असाच पक्का बसलेला समज. ऑर सापडला तो पुरता न जळालेल्या कागदामुळे. जानेवारी १९८७मध्ये बेकर्सफील्डच्या एका दुकानातल्या आगीत एक छोटी जुळणी हाती लागली : सिगारेट, तिला रबर बँडने बांधलेल्या काड्या, भोवती वहीचा पिवळा रेघी कागद. सिगारेट जळत काड्यांपर्यंत पोचेस्तोवर लावणारा कुठल्या कुठे निघून जातो. कागदावर बोटाचा एक ठसा होता. तिथले अग्निशमन अधिकारी मार्विन केसी यांच्या लक्षात आलं, की त्याच दिवसांत जवळच फ्रेस्नोला जाळपोळ-तपासनिसांचं अधिवेशन भरलं होतं. १९८९मध्ये दुसऱ्या अधिवेशनाच्या सुमारासही तशाच आगी लागल्या. दोन्हींना हजर राहिलेले मोजून दहाजण निघाले, त्यांत ऑरही. ठसा त्यांच्याशी ताडून पाहिला, जुळला नाही. आपल्यातलाच कुणी असेल, हे तेव्हा कुणाला पटतही नव्हतं. १९९१मध्ये तोच ठसा पुन्हा तपासला गेला आणि ऑरशी जुळला.

सगळ्यांत घातक समज मात्र तिसरा : जाणकार नजर जळक्या खुणा पाहून पेट्रोल ओतलं होतं की नाही हे सांगू शकते. पडद्यावर हे फार रुबाबदार दिसतं. जाळं पडल्यासारखी तडकलेली काच म्हणजे आगीला इंधन मिळालं होतं, असं तपासनीस वर्षानुवर्षं मानत आले. प्रत्यक्षात तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की ती तशी तडकते. जमिनीवरच्या डबक्यासारख्या डागांचंही तेच. बंद खोलीत उष्णता साठत जाते आणि एका क्षणी खोलीतलं सगळं एकदम पेटतं. अशा आगीत न ओतलेल्या पेट्रोलचेही डाग उमटतात. फ्लोरिडात जॅक्सनव्हिल इथे एका आरोपीच्या जळालेल्या घरासारखंच शेजारचं घर तज्ज्ञांनी मुद्दाम पेटवलं. फक्त सोफ्याला काडी लावली. सुमारे साडेचार मिनिटांत खोली भडकली, खुणा तशाच उमटल्या आणि आरोप मागे घेतला गेला.

हा प्रयोग १९९१चा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेक्सासात कॅमरन टॉड विलिंगहॅमचं घर जळालं, त्याच्या तीन लहान मुली गेल्या. आग त्यानेच लावली, या आरोपाच्या खटल्यात तडकलेली काच आणि जमिनीवरचे डाग पुरावा म्हणून मांडले गेले. २००४मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला.