शाहूपुरीच्या गल्ल्या आणि श्रीखंडे यांचा आलेख

बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्याला गणितात आलेख म्हणतात. त्यातील संलग्न बिंदूंचे संकोचन करून, म्हणजे त्यांस एकच बिंदू कल्पून, आणि नको त्या रेषा गाळून जे जाळे उरते ते त्याचे ‘मायनर’, आणि त्यातला प्रत्येक बिंदू इतर प्रत्येकाशी जोडलेला असला तर ते ‘क्लिक मायनर’ होय.

जाळे जितके विस्तीर्ण तितके हे मायनर मोठे, हा समज साफ चुकीचा आहे. कोल्हापुरातील शाहूपुरीच्या क्रमांकित गल्ल्यांचा नकाशा घ्यावा, चौकांना बिंदू व रस्त्यांना रेषा मानावे. रस्ते चौकांतच मिळत असतील तोवर ही पेठ पंचगंगेच्या काठापर्यंत वाढविली तरी तिच्यातून पाच बिंदूंचे क्लिक मायनर निघणार नाही, कारण सपाट कागदावर पाच बिंदू एकमेकांस रेषा न छेदता जोडता येत नाहीत, आणि संकोचनाने सपाटपणा जात नाही.

मूळ जाळ्यातच परस्परांशी जोडलेल्या बिंदूंचा मोठा गट नसेल तर संकोचनाने तो येणार कोठून, ही शंका अधिक विचारी आहे. तिचे निरसन मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिलेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांच्या १९५९ च्या आलेखाने होते. चार बाय चार घरांचा पट घ्यावा, समोरासमोरच्या कडा जुळलेल्या मानाव्या, आणि स्तंभ व ओळ यांचे अंक ० ते ३ धरून प्रत्येक घर डावे, उजवे, वरचे, खालचे, तसेच दोन्ही अंक एकाने वाढविलेले वा घटविलेले, अशा सहा घरांशी जोडावे. सोळा बिंदू आणि ४८ रेषा झाल्या, परंतु परस्परांशी जोडलेली चार घरे कोठेही सापडत नाहीत. तथापि ०० एकटे, ०३-१३, ३०-२३, ३३-३२ ही युग्मे आणि १०-२०-२१, ११-१२-२२, ०१-०२-३१ ही त्रिके केली की सात बिंदूंचे क्लिक मायनर हाती येते. माझ्या मते याहून सुंदर दाखला नाही.

ह्याच आलेखात जोडलेले बिंदू भिन्न रंगांचे राखण्यास चार रंग पुरतात. गणितज्ञ हाडविगर यांच्या १९४३ च्या तर्कानुसार जितके रंग अवश्य, निदान तितक्या बिंदूंचे क्लिक मायनर असते. ‘निदान’ हा शब्द विसरून पुष्कळांनी दोन्ही संख्या समान मानल्या. हा तर्क सिद्ध झाला आहे हा समजही खोटा: सहा रंगांपर्यंतची सिद्धता रॉबर्टसन, सीमोर व थॉमस यांनी १९९३ मध्ये दिली, पुढील सर्वसाधारण प्रश्न अद्याप खुला आहे. श्रीखंडे यांच्या पटात मात्र आठवा बिंदू मिळणे अशक्यच, कारण तो पट कंकणाच्या पृष्ठावर रेषा न छेदता बसतो आणि आठ बिंदूंचा पूर्ण आलेख त्या पृष्ठावर मावत नाही.