आकड्यांतून ताऱ्यांचे चित्र

पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक तुम्ही स्थानकावर पाहिलेच असेल. समजा, पावसाने त्याची वरची ओळ पुसली आणि खाली नुसते '९.१०' उरले. ही वेळ, की किलोमीटर, की भाडे? शीर्षकावाचून आकडा मुका!

ताऱ्यांच्या याद्यांचेही असेच होते. प्रत्येकीची मांडणी निराळी. म्हणून २००२ साली 'व्हीओटेबल' ही सामाईक पद्धत ठरली. तीत प्रत्येक स्तंभाचे नाव, एकक आणि अर्थ संगणकाला वाचता येईल असा लिहिलेला असतो.

अशी कोष्टके वाचून आलेख काढणारे 'व्हीओप्लॉट' हे सॉफ्टवेअर आपल्या पुण्यात तयार झाले. आयुका ही संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांनी मिळून ते केले. वापरणाऱ्याला प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नव्हती. कोणता स्तंभ आडव्या अक्षावर आणि कोणता उभ्या, एवढे निवडले की पुरे.

याने काय साधते? एखादा तारा ठळक दिसतो, तो खरोखर तेजस्वी की नुसताच जवळचा? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा जागेवरून किंचित सरकल्यासारखा दिसतो. त्यावरून मिळणारा कोन म्हणजे पराशय. आता सूत्र असे :

निरपेक्ष प्रत = दिसणारी प्रत + ५ + ५ × लॉग (पराशय)

व्याधाची दिसणारी प्रत −१.४६, पराशय ०.३७९ विकला. उत्तर सुमारे १.४ येते. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८. प्रत जितकी लहान तितके तेज जास्त, बरे का! म्हणजे व्याध सूर्याहून खराच तेजस्वी आहे.

हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ सालच्या यादीत १,१८,२१८ तारे आहेत. ताऱ्यामागे एक मिनिट धरले तरी रात्रंदिवस बसून ८२ दिवस लागतील. सॉफ्टवेअरला सूत्र एकदाच सांगायचे. नवा स्तंभ तयार होतो. तो ताऱ्यांच्या रंगाच्या स्तंभासमोर मांडला, की ठिपक्यांचा एक तिरका पट्टा उमटतो. आपला सूर्य त्याच पट्ट्यात बसतो. वर उजवीकडे तांबडे राक्षसी तारे असतात.

पण थांबा. यादीत काही ताऱ्यांचा पराशय चक्क ऋण आहे! कोन इतका लहान, की मोजमापातली चूकच त्याहून मोठी ठरली. ऋण संख्येचा लॉग काढता येत नाही, म्हणून हे तारे आलेखातून गळतात. गळणारे बहुधा दूरचे असतात आणि सोपे सॉफ्टवेअर हाती असले की नेमके हेच नजरेतून सुटते. तेव्हा आलेख काढल्यावर आधी मोजा : कोष्टकात तारे किती होते आणि ठिपके किती उमटले?