पाच पूल आणि एक गिअरबॉक्स

तंजावर शहरातून उत्तरेकडे निघालेला रस्ता बारा-तेरा किलोमीटरांवर तिरुवैयारुला पोहोचतो. एवढ्या थोड्या अंतरात तो पाच नद्या ओलांडतो : वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’ असा आहे. संस्कृतात त्याला पंचनद म्हणतात. संगीताच्या चाहत्यांना हे गाव संत त्यागराजांचे म्हणून ठाऊक असते. १८४७ साली त्यांनी येथे देह ठेवला, आणि दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी गायक-वादकांचा मोठा मेळा भरतो. मराठी माणसाला या वाटेवर आणखी एक ओळख पटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले या प्रांती आले, १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाचे राज्य येथे नांदले, आणि तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही या भागात आहेत.

परंतु आज मी संगीताविषयी बोलणार नाही, आणि इतिहासाविषयीही नाही. मी बोलणार आहे एका जुन्या मालवाहू पिकअप गाडीविषयी आणि तिच्या गिअरबॉक्सविषयी. माझे शिक्षण साहित्याचे. यंत्रांशी माझा संबंध केवळ फायलींपुरता. तथापि ज्या फायली माझ्यापुढे येतात त्यांत जुन्या सरकारी गाड्या निर्लेखित करण्याचे प्रस्ताव पुष्कळ असतात. ‘वाहन दुरुस्तीस अयोग्य’ असा शेरा वाचावयाचा आणि खाली सही करावयाची, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. गाडी दुरुस्तीस अयोग्य आहे हे नेमके कसे ठरते, याचा विचार मी प्रथम केला तो तिरुवैयारुच्या एका गॅरेजात.

मी सरकारी कामासाठी तंजावरला गेलो होतो. माझे यजमान तेथील एका जुन्या मराठी घराण्यातले, वयाने साठीच्या पुढचे. कावेरीकाठच्या बागांतून केळीची पाने आणि घड भरून ते तंजावरच्या बाजारात पोहोचवीत. त्यांची डिझेलची पिकअप पंचवीस वर्षांची जुनी. आराधनेचा उत्सव आठ दिवसांवर आला होता. पंक्तींसाठी पानांची मागणी वाढलेली. आणि नेमकी तेव्हाच गाडी अडू लागली. पूल जवळ आला की वेग कमी करून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी लागे, आणि दर वेळी गिअर करकरे. कसाबसा पडला तरी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच दांडा आपोआप मागे सरके व गाडी न्यूट्रलमध्ये येई. भरलेली गाडी उतारावर अशी मोकळी सुटणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. दिवसाकाठी दोन खेपा म्हणजे वीस वेळा पूल ओलांडणे. शेजारीपाजारी सल्ला देत होते, “भंगारात घाला आणि नवी घ्या.” यजमानांना ते परवडणारे नव्हते.

गिअरबॉक्स करतो तरी काय? डिझेल इंजिनाला आपल्या मर्जीच्या वेगातच काम करता येते. या वर्गातली जुनी इंजिने मिनिटाला साधारण एक हजारापासून चार हजारांपर्यंत फेरे घेतात. त्याच्या फार खाली गेली तर बंद पडतात. चाकाला मात्र कधी मुंगीच्या पावलाने फिरावयाचे असते, कधी भरधाव. या दोघांत तडजोड घडवून आणतो तो गिअरबॉक्स. एक हिशेब पाहा. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण चारास एक आहे, मागच्या आसाचेही चारास एक, आणि चाकाचा घेर दोन मीटर. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर पहिल्या गिअरमध्ये चाक सव्वाशे फेरे घेईल आणि गाडी ताशी १५ किलोमीटरांनी चालेल. वरच्या सरळ गिअरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सचे प्रमाण एकास एक असताना, त्याच इंजिनाच्या त्याच आवाजात ती ताशी ६० किलोमीटर जाईल. तिरुवैयारुच्या भाषेत सांगावयाचे तर हाताचा ताल तोच ठेवून गायकाने पहिल्या कालात एक स्वर, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात चार स्वर घ्यावेत तसे. फरक इतकाच की यंत्रात वेगाची किंमत मोजावी लागते. वेग चौपट झाला की चाकावरचा जोर चौथाईवर येतो.

जुन्या काळी गिअर बदलताना फिरती दंतचक्रे एकमेकांत सरकवावी लागत आणि चालकाचे कसब पणाला लागे. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश ही योजना आली. तिच्यात दंतचक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांतले कोणते दांड्याशी जखडावयाचे एवढेच चालक ठरवितो. जखडण्यापूर्वी पितळेची एक निमुळती कडी घासून दोघांचा वेग सारखा करते. आमच्या गाडीच्या दुसऱ्या गिअरची हीच कडी झिजलेली असावी, असा गॅरेजच्या मेस्त्रींचा कयास होता. पण त्यांनी लगेच पान्याला हात घातला नाही.

“आधी रोग ठरवू,” ते तमिळमध्ये म्हणाले, आणि माझ्या यजमानांनी ते मला मराठीत सांगितले.

त्यांच्या परीक्षा साध्या होत्या. गाडी उभी असताना सगळेच गिअर, विशेषतः रिव्हर्स, करकरत असतील तर दोष बहुधा क्लचचा असतो. क्लच पुरता सुटत नसतो. एकच गिअर करकरत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पोटात. पुढे त्यांनी इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, क्लचचे पेडल हळूहळू दाबले. पेडल दाबताच घरघर थांबली. याचा अर्थ गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग गेले. उलट, पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली असती तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा दोष ठरला असता, आणि गिअरबॉक्स बदलणे हा निव्वळ अपव्यय झाला असता. शेवटी त्यांनी ऑइल काढून पाहिले. पितळेची बारीक चमक जुन्या गिअरबॉक्समध्ये थोडीफार असावयाचीच. येथे मात्र पोलादाचे कपचे निघाले. त्या जुन्या गिअरबॉक्सचे सुटे भाग एकत्र मिळेनात. तेव्हा चांगल्या स्थितीतला दुसरा, वापरलेला गिअरबॉक्स शोधणे एवढाच मार्ग उरला.

चेन्नईच्या पुदुपेट भागात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तेथील एका व्यापाऱ्याकडून तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स आला. मेस्त्रींनी तो फळ्यांवर ठेवून हाताने फिरवून पाहिला. एकेका गिअरमध्ये पुढचा शाफ्ट किती वेळा फिरविला म्हणजे मागचा एक फेरा पुरा होतो, हे त्यांनी खडूच्या खुणा करून मोजले. प्रमाणे जुळली. शाफ्टवरच्या खाचाही मोजल्या. क्लच-प्लेट त्यांवर सहज सरकली. पुढच्या घंटेसारख्या आवरणाची भोके तंतोतंत जुळली. यजमानांचा चेहरा उजळला. मग मेस्त्रींनी पट्टी घेऊन पुढच्या शाफ्टची लांबी मोजली आणि मान हलविली. शाफ्ट बोटाच्या पेराएवढा आखूड होता. तसा तो गिअरबॉक्स त्याच घडणीच्या पण वेगळ्या इंजिनाच्या गाडीसाठी बनलेला.

या पेराचे महत्त्व असे : शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावर बसविलेल्या एका लहान बेअरिंगमध्ये टेकते. तेथे आधार मिळाला नाही तर शाफ्ट एका बाजूने लोंबकळत फिरतो, क्लच-प्लेटचा मध्यभाग तुटतो, आणि नुकतेच बसविलेले बेअरिंगही थोड्याच दिवसांत जाते.

यजमान काकुळतीने म्हणाले, “उत्सवापुरता तरी बसवा. पुढचे पुढे पाहू.”

मेस्त्री म्हणाले, “बसेल, पण टिकणार नाही. आणि मोडेल ते एखाद्या पुलावरच मोडेल.”

त्यांनी तो परत पाठविला. चार दिवस पाने भाड्याच्या गाडीतून गेली आणि त्या खेपांत यजमानांना काहीच उरले नाही. त्यांची नाराजी मी पाहिली आहे. तथापि दुसरा गिअरबॉक्स तिरुचिरापल्लीहून आला, तो लांबीलाही बरोबर भरला, तेव्हाच काम सुरू झाले.

काम वाटते तितके गूढ नाही, पण क्रम चुकता कामा नये. प्रथम बॅटरीची तार काढली, चाकांना अटकाव केला आणि गाडी भक्कम घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जोडावर दोन्हीकडे खूण केली, कारण तो होता तसाच परत बसला नाही तर गाडी थरथरते. मग गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, क्लचचा सिलिंडर सोडविला. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन आधार दिला, कारण गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी काढली की इंजिन मागे झुकते. शेवटी बोल्ट काढून गिअरबॉक्स अगदी सरळ मागे ओढला. त्याचे वजन क्षणभरही शाफ्टवर लोंबू द्यावयाचे नाही, हा येथला पहिला नियम.

गिअरबॉक्स उतरला की क्लच उघडा पडतो. तेव्हा क्लच-प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले लहान बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे ऑइल-सील तपासून घ्यावे; त्यांच्यासाठी पुन्हा सारे उतरविणे म्हणजे दुप्पट मजुरी. क्लच-प्लेट नेमकी मध्यावर बसावी म्हणून मेस्त्रींनी एका मोडक्या गिअरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवला होता. तो घालून त्यांनी प्लेट जुळविली. नंतर गिअरबॉक्स पुढे सरकविला. थोडी फट उरली तेव्हा त्यांच्या मुलाने ती बोल्ट आवळून मिटवावयाचे ठरविले. त्यांनी त्याचा हात धरला. बोल्ट हे जागा पक्की करण्यासाठी असतात, ओढून आणण्यासाठी नव्हेत. अशा ओढण्याने आवरणाचे कान तुटतात. मागचा शाफ्ट हाताने किंचित फिरविताच खाचा जुळल्या आणि फट आपोआप मिटली. ऑइलही वाटेल ते चालत नाही. मागच्या आसासाठी असलेल्या काही जहाल ऑइलांतली रसायने पितळेच्या कड्यांना खातात. म्हणून निर्मात्याने सांगितलेले ऑइलच बाजूच्या भोकापर्यंत भरावे.

एक गोष्ट माझ्या खात्याच्या सवयीने सांगतो. नोंदणी पुस्तकात इंजिनाचा आणि चॅसिसचा क्रमांक असतो; गिअरबॉक्सचा नसतो. मात्र म्हणून वाटेल ते फेरफार करता येतात असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करण्यास मर्यादा घालते. त्याच जातीचा गिअरबॉक्स बसविणे ही दुरुस्ती होय; चॅसिस कापून भलताच बसविणे ही वेगळी गोष्ट.

आराधनेच्या आदल्या दिवशी पहाटे मी त्या गाडीत यजमानांशेजारी बसलो. मागे पाने भरलेली. कावेरीचा पूल आला, त्यांनी वेग कमी केला, दांडा दुसऱ्या गिअरमध्ये घातला. करकर झाली नाही. पूल संपेपर्यंत मात्र त्यांनी डावा हात दांड्यावरून उचलला नाही. कुडमुरुट्टी झाली, वेट्टार झाली, वेण्णार झाली. वडवारच्या पुलावर तो हात सहज स्टीअरिंगवर गेला.

परतल्यावर माझ्या टेबलावर निर्लेखनाचा एक प्रस्ताव होताच. शेरा नेहमीचाच : ‘गिअरबॉक्स निकामी, वाहन दुरुस्तीस अयोग्य.’ या वेळी मी सही केली नाही. समासात लिहिले : ‘दोष कोणत्या तपासणीने ठरविला ते कळवावे.’ पंधरा दिवसांनी उत्तर आले. गिअरबॉक्स ठीक होता. क्लच सुटत नव्हता. ती गाडी अजून रस्त्यावर आहे.