यात्रेतील ध्वनी आणि घरची केबल
सारंगखेड्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या, घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या यात्रेसारख्या ठिकाणी मायक्रोफोनची केबल लांबवर न्यावी लागते आणि शेजारच्या वीजतारांमुळे तिच्यात 50 हर्ट्झची घरघर शिरू शकते. म्हणून तेथे ‘संतुलित’ केबल, म्हणजे पीळ दिलेल्या दोन तारा व त्यांभोवती तांब्याची जाळी असलेली केबल, वापरणेच योग्य. घरघर दोन्ही तारांत जवळजवळ सारखीच शिरते, ध्वनिसंकेत मात्र परस्परविरुद्ध असतो, त्यामुळे मिक्सर दोहोंतील फरक घेतो तेव्हा घरघर विरते आणि आवाज उरतो. ही युक्ती खरोखर सुंदर आहे. अशी केबल घरीही बनते : एक्सएलआर जोडणीच्या पहिल्या पिनेला जाळी आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिनेला तारा डाख देऊन, म्हणजे सोल्डरने, जोडाव्यात व दोन्ही टोकांचा क्रम मल्टिमीटरने पडताळावा.