शिवणीचे चारशे मीटर

नकाशावर पट्टी ठेवून गावांमधली अंतरं मोजायचा मला जुना नाद आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळापासून अमरावतीच्या बेलोऱ्यापर्यंत हवाई अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर. त्यातलं शिवणी मुंबईच्या बाजूचं. तरीही १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचं एटीआर विमान उतरलं ते बेलोऱ्यात. ते विमान धरायला अकोलेकराने आधी मुंबईकडे पाठ करून रस्त्याने शंभरेक किलोमीटर पूर्वेला जायचं!

मुंबई–बेलोरा सरळ रेषेत सुमारे ५४० किलोमीटर, वेळापत्रकात पावणेदोन तास. रेल्वेने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला जायचं तर अख्खी रात्र. हे वऱ्हाडात सगळ्यांना पाठ आहे. मला छळत होती ती शिवणी.

शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, चौदाशे मीटरच्या आसपास. बेलोऱ्याची मूळची १३७२ मीटर, म्हणजे शिवणीहून तोकडीच. ती १८५० झाली आणि विमान आलं. शिवणीची १८०० करायचं मात्र वर्षानुवर्षं घोळत राहिलं. पण अठराशेच का? एटीआर ७२-६०० ला पूर्ण वजनानिशी उडायला सुमारे तेराशे मीटर पुरतात, असं त्याचं माहितीपत्रक सांगतं.

उकल सापडली ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या विमानतळ-रचनेच्या पुस्तिकेत. माहितीपत्रकातले तेराशे मीटर समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे. पुस्तिका म्हणते, उंचीच्या दर ३०० मीटरला लांबी ७ टक्के वाढवा. मग त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. शिवणी सुमारे ३०० मीटर उंचीवर. तिथलं प्रमाण तापमान १३ अंश, आणि मे महिन्यातलं सरासरी कमाल ४२ च्या घरात. तेराशेवर ७ टक्के म्हणजे १३९१. त्यावर २९ टक्के म्हणजे १७९४! हा माझा कागदावरचा ढोबळ हिशेब. एवढी वाढ निघाली तर स्वतंत्र अभ्यास करा, असं पुस्तिकाच बजावते. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. थंड मुलखात आहे तीच धावपट्टी पुरली असती. जास्तीचे चारशे मीटर निव्वळ उन्हाचे आहेत.

आणि त्या चारशे मीटरांच्या वाटेत आली ती जमीन डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. आंदोलन करून मिळवलेलं, १९६९ साली उभं राहिलेलं हे विद्यापीठ. त्याच्या प्रयोगशेतांना अडगळ म्हणणं मला पटत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी असलेली माती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पण काम वर्षानुवर्षं लांबवणं हेही अक्षम्य आहे. याच अकोला-अमरावतीदरम्यान, लोणी ते माना, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरली गेली, गिनीज बुकात गेली. मनुष्यबळ आणि यंत्रं कमी पडत नाहीत, हे तिथे दिसलं.

विद्यापीठाला आधी पर्यायी जमीन द्यावी, प्रयोग तिथे बसेपर्यंत काही हंगाम जाऊ द्यावेत, मग धावपट्टीला हात घालावा. तोवर अरुणाचलात चालतात तशी सतरा आसनी डॉर्निअर विमानं शिवणीहून चालवता येतील का, हे तपासायला काय हरकत आहे? त्यांना एवढी लांब धावपट्टी लागतच नाही.