औषधाचे माप : रोगाचे की रोग्याचे?

ज्वारीवरची काणी, गव्हावरचा तांबेरा, द्राक्षांवरची भुरी ही सारी बुरशीची करणी, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बुरशीच्या काही जाती माणसाच्या अंगातही शिरतात. धडधाकट माणसाला त्या सहसा गजकर्ण-नायट्यापलीकडे त्रास देत नाहीत. पण मधुमेह हाताबाहेर गेलेला, अतिदक्षता विभागात निपचित पडलेला रोगी सापडला, की त्या रक्तात उतरतात, नाहीतर नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातलगांना वणवण करावी लागली.

अशा वेळी मनात एक प्रश्न येतो. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला दोन कुप्या लागतात, अन् आमच्या माणसाला सहा, असं का? रोग एकच ना?

आधी हे औषध काय करते ते पाहू. बुरशीच्या पेशीची घडण बरीचशी आपल्या पेशीसारखी असते. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात त्याचे भावंड शोभेल असे अर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन त्या अर्गोस्टेरॉलला धरते आणि आवरण खिळखिळे करते. पण भावंडांत थोडी गफलत होतेच. आपल्या पेशींनाही झळ लागते, आणि ती मूत्रपिंडाला जास्त. म्हणून हेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरूनही मिळते. त्याची झळ कमी, म्हणून मात्रा मोठी देता येते. साधे अँफोटेरिसिन दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम देतात, आणि गोळ्यांतले काळ्या बुरशीसाठी निदान ५ मिलिग्रॅम. आता शिक्षकांनी वर्गात घालावे असे गणित : रोग्याचे वजन ६० किलो, कुपी ५० मिलिग्रॅमची. साधे औषध ६० मिलिग्रॅम लागेल, म्हणजे दोन कुप्या फोडाव्या लागतील. गोळ्यांतले ३०० मिलिग्रॅम लागेल, म्हणजे सहा. नाव एकच, पण चुकून साधे औषधच ३०० मिलिग्रॅम गेले, तर रोगी हातचा जाईल. म्हणून कुपीवरचे नाव अर्धे वाचून चालत नाही.

आता दुसरे औषध घेऊ, फ्लुकोनॅझोल. रक्तात उतरलेल्या कँडिडा नावाच्या बुरशीवर हे दिले, तर मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी सुमारे ८०० मिलिग्रॅम आणि पुढे रोज ४०० देतात. पहिल्याच दिवशी दुप्पट का? घरातला रांजण आठवा. रिकामा रांजण भरायला पुष्कळ घागरी लागतात. एकदा भरला, की रोज जेवढे पाणी खर्च होते तेवढेच ओतायचे. पहिला भर अपुरा पडला, तर औषधाचा जोर यायलाच काही दिवस जातात, आणि बुरशी तोवर थांबत नाही.

अत्यवस्थ रोग्यात हा रांजणच बदलतो. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, सलाईन भराभर चढते, अंगावर सूज येते. रांजण मोठा झाला. आता नेहमीचा भर पुरत नाही. शिवाय फ्लुकोनॅझोल बाहेर पडते ते मुख्यतः लघवीवाटे. मूत्रपिंड बंद पडले, तर रोजचा भर कमी करतात. पहिला भर मात्र कमी करायचा नसतो, कारण रांजण तेवढाच मोठा आहे. आणि गंमत पाहा, त्याच रोग्याला दिवसरात्र चालणाऱ्या डायलिसिसवर घातले, की मात्रा पुन्हा वाढवावी लागते. धड मूत्रपिंड गाळलेल्या औषधातले बरेचसे परत रक्तात ओढून घेते. यंत्राला ती काटकसर माहीत नाही.

तिसरे औषध व्होरिकोनॅझोल. याचा निचरा यकृत करते, आणि तो प्रत्येकाच्या जन्मजात घडणीप्रमाणे मंद किंवा जलद असतो. अंगात दाह भडकला असेल, तर तो आणखी मंदावतो. म्हणून शक्य तेथे रक्त तपासून औषध एका लिटरमागे साधारण १ ते साडेपाच मिलिग्रॅम राहील असे पाहतात. कमी पडले तर बुरशी आटोक्यात येत नाही. जास्त झाले तर रोग्याला भास होतात, यकृत दुखावते. क्षयावरचे रिफाम्पिसिन चालू असेल, तर ते व्होरिकोनॅझोल इतके झपाट्याने संपवते, की दोन्ही एकत्र देतच नाहीत.

मग आपण नातलगांनी काय करावे? रोग्याचे आजारापूर्वीचे वजन डॉक्टरांना सांगावे. क्षयाच्या, फेफऱ्याच्या, मधुमेहाच्या गोळ्या, वैद्याचा काढा, काहीही चालू असेल तर लपवू नये; रिकामी पाकिटेही सोबत न्यावीत. ‘थोडं बरं वाटतंय, आता निम्मंच द्या’ असा आग्रह धरू नये. काल ठरलेली मात्रा आज बदलली, तर घाबरू नये. ‘काय बदललं, डॉक्टरसाहेब?’ एवढे जरूर विचारावे.

बांधावरचा शेतकरी रोपाला आणि वाढलेल्या पिकाला एकच माप लावत नाही. अत्यवस्थ माणसाचे शरीर तर रोज नवे असते. तेव्हा औषध रोग पाहून निवडायचे आणि त्याचे माप रोगी पाहून ठरवायचे, तेही दररोज.